'घरच्यासारखे' या शब्दाची किंमत

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या परीक्षेत 'वेतननिश्चितीचे सिद्धांत' या प्रश्नाचे उत्तर मी चार पाने भरून लिहिले. निर्वाह वेतनाचा सिद्धांत, वेतननिधीचा सिद्धांत, सीमान्त उत्पादकतेचा सिद्धांत. रिकार्डो काय म्हणतो, मिल काय म्हणतो, सारे ओळीने मांडले. गुणही बरे पडले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच मी एका दुकानात २४ दिवस नोकरी केली आणि तेथे माझे स्वतःचे वेतन कसे ठरले, हे मला कोणी विचारले असते तर एक ओळही लिहिता आली नसती. रिकार्डोच्या मजुराचा हिशेब मला येत होता, माझा येत नव्हता. त्या लाजेतून हा लेख लिहिला आहे.

आमच्या तालुक्याच्या गावात कापडाचे एक मोठे दुकान आहे. नाव सांगण्याचे कारण नाही; अशी दुकाने प्रत्येक तालुक्याला आहेत. २०२५ च्या नवरात्रात तेथे 'सीझनसाठी मुली पाहिजेत' अशी पाटी लागली. २७ सप्टेंबरला मी कामावर गेले आणि २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, काम संपले. या काळात काही तास बुडाले, त्याबद्दल माझ्या प्राध्यापकांची या निमित्ताने क्षमा मागते. दुकानात शेठजी सोडून आम्ही १४ जण होतो. रोज ३०० रुपये ठरले. वेळ सकाळी १० ते रात्री ९॥, मध्ये जेवणाला अर्धा तास. बाजारपेठेची सोमवारची सुट्टी दिवाळीमुळे रद्द. पहिल्याच दिवशी शेठजी म्हणाले, "इथे नोकर-मालक असं काही नाही हं. सगळी घरच्यासारखी." मला ते ऐकून बरे वाटले. खोटे कशाला सांगू, फार बरे वाटले.

घरच्यासारखे म्हणजे काय, ते पुढे हळूहळू कळत गेले. आमच्या गावाहून येणारी एस. टी. कधी दहा मिनिटे उशिरा पोहोचे. उशीर झाला की ५० रुपये दंड. असा सहा वेळा झाला. एकदा एका गिऱ्हाइकाच्या लहान मुलाने साडीवर सरबत सांडले. ती साडी मी उलगडून दाखवत होते म्हणून ६५० रुपये माझ्या नावे पडले. शेवटच्या दिवशी हिशेब झाला. २४ दिवसांचे ७,२०० रुपये, त्यातून दंडाचे ३०० आणि साडीचे ६५० वजा जाऊन ६,२५० रुपये हातात आले. एका कोऱ्या पावतीवर सही घेतली. वर मिठाईचा अर्धा किलोचा पुडा दिला. मी शेठजींच्या पाया पडले आणि घरी आले.

घरी आजोबा होते. आजोबा मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात कामाला होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यांतले एक आजोबा. तो संप कधी रीतसर संपलाच नाही आणि आजोबा गावी परतले. त्यांनी माझे पैसे मोजले नाहीत. त्यांनी विचारले, "तास किती भरले?" मी म्हटले, "लिहून नाही ठेवले." ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक बारकीशी चोपडी काढली. तिच्यात शाईने पाळी, तारीख, खाडे, उचल आणि हाती आलेला पगार, असे वर्षानुवर्षे लिहिलेले होते. गिरणी गेली, चोपडी राहिली. "मालकाच्या बुकात काय लिहिलंय ते मालकाला ठाऊक," ते म्हणाले. "आपल्याकडे आपलं बुक पाहिजे."

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून आठवून आठवून माझे 'बुक' लिहिले. नंतर मी आमच्या ग्रंथालयात बसून कायद्याची पुस्तके चाळली आणि जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाऊन किमान वेतनाचे दरपत्रक पाहिले. जे दिसले ते असे.

सर्वांत आधी, आमच्या कामासाठी सरकारने ठरवलेला दर मला मिळालेल्या ३०० रुपयांपेक्षा वर होता. पण तो मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. ३०० च बरोबर होते असे धरू. दुकानांसाठी असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे, मी कामाला लागले तेव्हा दिवसाचे कमाल ९ तास आणि आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा होती आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर होता. मी रोज ११ तास भरले, म्हणजे २ तास जादा. २४ दिवसांचे ४८ तास. ३०० रुपयांना ९ ने भागले की तासाला ३३ रुपये ३३ पैसे, त्याची दुप्पट ६६ रुपये ६७ पैसे, आणि ४८ तासांचे झाले ३,२०० रुपये. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा लावली तर आकडा आणखी फुगतो. बुडालेल्या साप्ताहिक सुट्ट्यांचे तर मी धरलेच नाहीत. म्हणजे अगदी मालकाच्या बाजूने झुकून हिशेब केला, तरी माझे ३,२०० रुपये दुकानात राहिले होते.

आता कपातीचे पाहा. उशिराने आलेल्या माणसाचे, तो जितका वेळ गैरहजर होता तितक्याच वेळाचे पैसे कापता येतात. दहा मिनिटांचे होतात साडेपाच रुपये. माझे गेले ५०. तो दंड होता असे म्हणावे, तर दंड कोणकोणत्या चुकीसाठी होईल हे आधी लेखी लावलेले असावे लागते, कामगाराला आपले म्हणणे मांडू द्यावे लागते, आणि एकूण दंड त्या काळातल्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. माझ्या ७,२०० चे ३ टक्के होतात २१६. मूळ १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात ही मर्यादा रुपयामागे अर्धा आणा अशी होती. गंमत अशी की दंडाची रक्कम मालकाच्या गल्ल्यात जाण्यासाठी नसतेच. ती नोंदवहीत लिहून कामगारांच्याच हिताच्या कामासाठी वापरायची असते. साडीचे म्हणाल, तर सोपवलेल्या मालाचे नुकसान कामगाराच्या स्वतःच्या हयगयीने झाले असेल, तरच आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच कापता येते. सरबत सांडणारे पोर माझे नव्हते.

हे वाचून कोणी म्हणेल, ही मुलगी तीन-चार हजार रुपयांसाठी केवढा कीस पाडते आहे! म्हणूनच सांगते, हा प्रश्न फक्त माझ्या पैशांचा नाही. यातला प्रत्येक आकडा कोणीतरी भांडून मिळवलेला आहे, आणि तो आकडा ठाऊक नसणे म्हणजे ते भांडण वाया घालवणे आहे.

मुंबईच्या गिरण्यांतून १८८० च्या सुमारास दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले, महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. कामावर जखमी झालेल्याला भरपाई. आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत! ही शेवटची मागणी वाचताना मी थबकले. आज कायद्याने ती तारीख ७ आहे. लोखंडे १५ मागत होते आणि तीही मिळत नव्हती. पुढे १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आपण सारे रविवारी उशिरा उठतो. ती सुट्टी आपल्याला पंचांगाने दिलेली नाही.

दिवसाच्या तासांचेही तेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४६ च्या दुरुस्तीने, बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच १९४६ मध्ये मांडले, जे १९४८ मध्ये कायदा झाले. आणि दुकानातल्या नोकरांसाठी स्वतंत्र कायदा करणारा या देशातला पहिला प्रांत आपला मुंबई प्रांतच, १९३९ मध्ये. एवढी परंपरा असलेल्या राज्यातल्या पदवीच्या वर्गातली मुलगी कोऱ्या पावतीवर सही करून येते, हा दोष कोणाचा? थोडा माझा. पण थोडा अभ्यासक्रमाचाही. आपल्याला लोखंडे हे एका टीपेत भेटतात, तेही परीक्षेला पाच गुणांसाठी.

आता दुसरी बाजू. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आमचे शेठजी दुष्ट नव्हते. ते स्वतः सकाळी नऊपासून गादीवर बसत. मोबाइलवरून साड्या मागवणाऱ्या गिऱ्हाइकांनी त्यांचा धंदा खरोखरच खाल्ला आहे. बँकेचे व्याज आहे, भाडे आहे. "सगळे कायदे पाळले तर दुकानाला कुलूप लावावे लागेल," असे ते म्हणत, आणि ते पूर्ण नाटक नव्हते. पण एक गोष्ट मी त्या २४ दिवसांत पाहिली. विजेचे बिल तारखेला भरले जाई. सुरतेच्या व्यापाऱ्याची हुंडी वेळेवर जाई. त्यांना कोणी 'घरच्यासारखे' म्हणत नव्हते. सूट मागितली जाई ती फक्त आमच्याकडे, आणि मागितली जाई असेही नाही, ती घेतलीच जाई. धंद्याला तोटा आला तर तो सर्वांनी मिळून सोसावा, हे मला मान्य आहे. पण तो ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्यानेच आणि त्याला न सांगता सोसावा, याला घर म्हणत नाहीत.

आणखी एक नेहमीचे उत्तर असते : "तूच तर कबूल झालीस ना?" हो, झाले. पण १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मनाई केलेली सक्तीची मजुरीच आहे. सक्ती काही बंदुकीचीच असते असे नाही; भुकेची आणि गरजेची सक्तीही सक्तीच. म्हणूनच, हक्काचे वेतन सोडून देण्याचा करार कामगाराने सही करून केला, तरी कायदा तो करार मानत नाही. आपली 'कबुली' कायद्याने मोजलेलीच नाही, ही मला या साऱ्या वाचनातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटली.

कायदा आता नव्या रूपात आला आहे. किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस आणि समान वेतन असे चार जुने कायदे एकत्र करून केलेली वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात कामगाराच्या सोयीच्या काही गोष्टी आहेत. जादा कामाला दुप्पट दर, सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस, महिन्याचा पगार ७ तारखेच्या आत, नोकरी सोडली वा काढले तर दोन कामकाजाच्या दिवसांत सारा हिशेब, आणि पगाराची चिठ्ठी. थकलेल्या पैशांसाठी दावा करायला पूर्वी किमान वेतनाच्या कायद्यात ६ महिने आणि वेतन प्रदान कायद्यात १२ महिने मुदत होती. आता ३ वर्षे आहे. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. आणि दावा स्वतः कामगारानेच केला पाहिजे असे नाही. तो सभासद असलेली नोंदणीकृत संघटना किंवा सरकारी निरीक्षकही करू शकतो.

पण सारेच पुढे जात नाही. त्याच २०२५ साली आपल्या राज्य मंत्रिमंडळाने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती मान्य केली आणि मग तिचा वटहुकूम निघाला. दिवसाची मर्यादा ९ वरून १० तासांवर गेली, आणि पूर्वी १० कामगारांच्या दुकानाला लागू असलेला कायदा आता २० कामगारांपासून लागू झाला. आमच्या दुकानात आम्ही १४ होतो. म्हणजे मी साड्यांच्या घड्या घालत असतानाच आमचे अख्खे दुकान एका कायद्याच्या छत्रीतून बाहेर गेले आणि आमच्यापैकी कोणालाही ते कळले नाही! वेतन संहितेची छत्री डोक्यावर आहे म्हणून बरे. तिला माणसांची संख्या लागत नाही. उद्या तीही कोणी आखडून घेतली, तर ते तरी आपल्याला कोण सांगणार?

दुकानातल्या बायकांनी बोलायचे ठरवले तर काय होते, याचे उदाहरण केरळात आहे. तेथील कापडाच्या दुकानांत दिवसभर काम करणाऱ्या मुलींना बसायला बंदी असे. गिऱ्हाईक असो वा नसो, उभेच राहायचे. कोझिकोडच्या मिठाई गल्लीतल्या बायकांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला, आणि २०१८ मध्ये केरळने आपला दुकानांचा कायदा बदलून कामगाराला बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तामिळनाडूने तेच केले. बसण्याचा हक्क! ऐकायला केवढीशी गोष्ट. पण संध्याकाळी सातनंतर ज्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आहेत, त्याला विचारावे.

आता मला या लेखातला सर्वांत अवघड भाग लिहायचा आहे.

जानेवारीत मी पुन्हा त्या दुकानात गेले. हिशेबाचा कागद शेठजींसमोर ठेवला. ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "तुला घरच्यासारखी समजलो होतो." मी म्हटले, "मीही तसंच समजत होते, शेठ." त्यांनी दंडाचे आणि साडीचे मिळून ९५० रुपये परत दिले. जादा तासांचे दिले नाहीत. "ते सगळ्यांना द्यावे लागतील," म्हणाले. त्या एका वाक्यात त्यांनी सारे कबूल केले होते. मी दाव्याचा अर्ज लिहून ठेवला आहे. विजय झाल्यासारखी मी बाहेर पडले, आणि दारात मावशी उभ्या होत्या.

मावशी त्या दुकानात ११ वर्षे आहेत. मला साडीची निरी दाखवायला, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याचा खिसा ओळखायला त्यांनीच शिकवले. त्यांना महिना ९,५०० रुपये मिळतात. मागल्या वर्षी आलेल्या मुलाला ११,०००, कारण 'त्याला घर चालवायचं असतं'. मावशींचे यजमान नाहीत. घर त्याच चालवतात. एकाच कामाला स्त्री आणि पुरुष म्हणून वेगळा पगार देऊ नये हा कायदा १९७६ चा आहे, आणि नव्या संहितेतही तो कायम आहे. त्या दिवशी मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. नंतर दोन आठवडे रस्त्यात भेटल्या तरी मान वळवून जात. मला राग आला. मी त्यांच्यासाठीही भांडले होते, असे मला वाटत होते.

मग एका संध्याकाळी एस. टी. स्टँडवर त्या आपणहून जवळ आल्या. इकडे-तिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "तो तीन वर्षांचा कायदा खरा का गं?" मी म्हटले, "खरा, मावशी." त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तुला काय, तू शिकशील, जाशील. मला उद्या परत तिथंच जायचंय."

हे वाक्य मला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडले नव्हते. माझा हक्क मी मागितला तेव्हा मला त्याची किंमत फारशी पडली नाही. दोन वेळचे जेवण घरी होते, नोकरी संपलेलीच होती. मावशींचा हक्क माझ्याइतकाच, किंबहुना मोठा आहे. पण तो मागायची किंमत म्हणजे ती नोकरीच. कायदा दोघींना सारखाच असतो, परिस्थिती सारखी नसते. म्हणून 'कामगारांनी जागृत व्हावे' असे व्यासपीठावरून सांगणे मला आता सोपे वाटत नाही. मावशी झोपलेल्या नाहीत. त्या पूर्ण जाग्या आहेत आणि रोज हिशेब करतात. त्यांचा हिशेब फक्त आपल्यापेक्षा कठीण आहे.

मग करायचे काय? मला वाटते, ज्याला किंमत कमी पडते त्याने आधी पुढे व्हावे. आणि ते म्हणजे आपण, विद्यार्थी. आपल्यापैकी कितीजण हॉटेलात, मेडिकलच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, मंगल कार्यालयात वाढपी म्हणून काम करतात, हे वर्गात हात वर करायला सांगितले तर दिसेल. माझ्या तीन साध्या सूचना आहेत.

पहिली : प्रत्येकाने स्वतःचे बुक ठेवावे. दहा रुपयांची वही पुरे. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मिळालेले पैसे, कापलेले पैसे आणि कापण्याचे सांगितलेले कारण. कोऱ्या कागदावर सही नाही. आपल्या महाविद्यालयातल्या 'कमवा आणि शिका' योजनेत आपण ग्रंथालयात वा बागेत केलेल्या कामाचा तास न् तास कार्डावर लिहून सही घेतो. जे महाविद्यालयाच्या आवारात आपल्याला जमते, ते फाटकाबाहेर का जमू नये?

दुसरी : राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आठवड्यातून एक दिवस, शनिवारी तासभर, ग्रंथालयाच्या व्हरांड्यात एक टेबल मांडावे. तेथे चालू दरपत्रक असावे. कोणीही यावे, आपले तास सांगावेत आणि आम्ही त्याचा हिशेब करून द्यावा. नाव लिहिण्याची गरज नाही. दावा करायचा की नाही, कधी करायचा, संघटनेमार्फत करायचा की निरीक्षकाकडे जायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आपले किती येणे आहे, हे तरी त्याला ठाऊक असावे.

तिसरी सूचना थोडी भीत भीत करते. आपण आधी आपल्या घरात पाहावे. आपल्या फाटकावरचे रखवालदार काका १२ तास उभे असतात. ते कंत्राटदाराचे आहेत म्हणून आपल्याला त्यांची पगाराची तारीख ठाऊक नाही. सकाळी आपले वर्ग झाडणाऱ्या मावशींना साप्ताहिक सुट्टी आहे का, हे मी या लेखासाठी विचारायला गेले तेव्हा त्या हसल्या. आणि तासिका तत्त्वावर आम्हाला शिकवणारे सर, ज्यांनी मला तो वेतनाचा सिद्धांत इतका सुंदर शिकवला, त्यांचे स्वतःचे मानधन कित्येक महिने थकून एकदम येते, हे मला त्यांच्याकडून नव्हे, चहाच्या टपरीवरून कळले. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालील 'कामगार' नव्हे असे ठरवले. नसेल. पण महिन्याची ७ तारीख त्यांच्याही घरी येतेच ना? गुरुजनांविषयी असे छापावे की नाही, याचा मी फार विचार केला. शेवटी वाटले, ते ज्या विषयावर आम्हाला बोलायला शिकवतात, त्याच विषयावर त्यांच्याबद्दल गप्प राहणे हा काही आदर नव्हे.

शेठजींचा मला राग नाही. दिवाळीला त्यांच्याकडे फराळाला जायला मला आजही आवडेल. घरच्यासारखे वागावे, अवश्य वागावे; पण हिशेब चुकता करून. आपल्याकडे सख्ख्या भावांतसुद्धा वाटणीचे कागद होतात आणि त्यानंतरही पंगती एकत्र बसतात.

आजोबांच्या चोपडीचे शेवटचे लिहिलेले पान १७ जानेवारी १९८२ चे आहे. त्यापुढची पाने कोरी आहेत. परवा मी तशीच एक वही घेऊन स्टँडवर मावशींना दिली. त्यांनी ती पिशवीत भाजीच्या खाली ठेवली. काही बोलल्या नाहीत. काल भेटल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "काल दहा वाजून पाच मिनिटांनी सुटले गं. लिहिलंय."